दोन बोटांची जागा

टेबलाखालून बाहेर येताना मिस्त्रीचा उजवा गुडघा लचकला आणि त्याच क्षणी त्यावर बांधलेल्या ब्रेसच्या वरच्या पट्ट्याचं वेल्क्रो सुटलं. खर्र असा आवाज झाला. त्या हॉलमध्ये तो कुणाला ऐकू जायचं काही कारण नव्हतं. शिलाईच्या मशीनांची घरघर सकाळपासून एकसारखी चालू होती, आणि तिच्यात माणसाचं ओरडणंसुद्धा विरघळून जायचं. पण त्याला तो आवाज ऐकू आला, आणि एका हाताने मशीनचा पाय धरून, अर्धा आत अर्धा बाहेर, तो होता तिथेच थांबला. दुखलं म्हणून नव्हे. दुखणं आता घरचंच झालं होतं, त्याचं कौतुक राहिलं नव्हतं. थांबला तो आवाजाने. हा आवाज रोज संध्याकाळी त्याच्या घरात दोनदा व्हायचा, एकदा त्याच्या गुडघ्याचा आणि एकदा बायकोच्या, आणि दुसरा झाला की दिवस संपला असं दोघांनाही वाटायचं. भर दुपारी कामाच्या जागी तो कानावर पडला तेव्हा क्षणभर त्याला वाटलं, चला, घरी पोचलो. मग समोर मशीनचं पेडल दिसलं, त्यावर टेकलेला एक पाय दिसला, आणि घर पुन्हा लांब गेलं.

"मिस्त्री, अडकलात की काय?" मशीनवरच्या बाईने वाकून विचारलं.

"अडकतोय कशाला? बेल्ट बघतोय."

"बेल्ट तिकडे वर आहे. तुम्ही माझी चप्पल बघताय."

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. तोही हसला, कारण हसल्यावर माणूस दम खायला थांबलाय हे लपतं. टेबलाच्या कडेला धरून तो उठायला लागला, आणि गुडघ्याने पुन्हा हात वर केले. शेवटी त्या बाईनेच त्याच्या काखेत हात घालून त्याला वर घेतलं आणि कुणीतरी सरकवलेल्या स्टुलावर बसवलं. ब्रेस पोटरीपर्यंत घसरला होता. बाजूची लोखंडी पट्टी कापड फाडून बाहेर आली होती आणि पँटमधून तिचं टोक दिसत होतं. जुन्या छत्रीची काडी बाहेर येते तसं.

सुपरवायझर आली. त्याच्या मुलीहून लहान, पण हॉलमध्ये तिचा शब्द चालायचा आणि मिस्त्रीशी ती नेहमी नीट बोलायची. "बेल्ट परत सैल झाला का? परवाच तर ताणला होतात."

"बेल्टचा दोष नाही," तो म्हणाला. "नवा बेल्ट सुरुवातीला ताणतो. थोडे दिवस. मग बसतो. एकदा बसल्यावरही सैल पडत राहिला, तर बेल्टकडे बघायचंच नाही. तो ज्याच्यावर चढवलाय तिकडे बघायचं. मोटरचा ब्रॅकेट झिजलाय, मोटर वर सरकतेय." हे त्याने जन्मभर इतक्यांना सांगितलं होतं की तोंड आपलं आपण बोलत होतं. मन गुडघ्यात होतं.

"ते आपण बघू. तुम्ही आधी हे बघा." तिने त्याच्या पायाकडे बोट केलं. "आज घरी जा. जाताना नवा ब्रेस घ्या. तसंही ही शेवटची ओळ बदलली की बेल्टची मशीनं संपली. नवीन मशीनला मोटर डोक्यातच असते. कुणाला खाली शिरायला नको."

"म्हणजे गुडघे सुटले."

"सुटलेच."

"आणि मीपण सुटलो," तो म्हणाला. तिने ऐकलं नसल्यासारखं केलं, आणि त्याबद्दल त्याला बरंच वाटलं.

मशीनवरची बाई पाणी घेऊन आली. तिची जीभ कधी एका जागी राहत नसे. "तुमची बाई गेल्यापासून निम्मे झालात हो. केवढी धडधाकट होती! सहलीला आली होती तेव्हा गुडघ्याला ते बांधून आम्हा सगळ्यांच्या पुढे चालत होती. आणि वर्ष फिरतंय न फिरतंय तोच..." तिने चुकचुक केली. "तुम्हाला तरी काय कळणार म्हणा. काही कळलंच नसेल ना?"

"काही खूणच नव्हती," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने गेल्या थंडीपासून किती जणांना ऐकवलं असेल. डॉक्टरला, शेजाऱ्यांना, बायकोच्या भावाला, भेटायला येऊन गप्प बसणाऱ्यांना आणि भेटायला येऊन गप्प न बसणाऱ्यांना. पहिल्यांदा ते तोंडातून निघालं तेव्हा कच्चं होतं. मग वापरून वापरून गुळगुळीत झालं. गुडघ्याला ब्रेसचा आधार होता, पण बाकीचा सगळा माणूस या एका वाक्यावर उभा होता. खूण असती तर त्याने पाहिली असती. ज्याने आयुष्यभर नुसत्या आवाजावरून सुई वाकडी आहे की धागा कच्चा ते सांगितलं, त्याला स्वतःच्या घरात खूण दिसली नसती का? दिसली नाही, म्हणजे नव्हती. रात्री झोप लागायची ती याच हिशेबावर, आणि लागायची नाही तेव्हाही तो हाच हिशेब पुन्हा मांडायचा.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. हातात काठी नव्हती. काठीशी त्याचं कधी जमलं नाही. मुलीने आणून दिलेली, रबराच्या बुडाची, मुठीला मऊ कापड गुंडाळलेली चांगली काठी दाराच्या मागे उभी होती आणि तिच्यावर छत्री अडकवायची सोय झाली होती. भिंतीच्या कडेने, दुकानांच्या कठड्यांना हात लावत तो चालू लागला. या गुडघ्याचे लाड काही कमी झाले नव्हते. आधी नुसती कापडी नळी, पायात मोज्यासारखी चढवायची. तिने ऊब यायची, आधार यायचा नाही. मग कामावर खाली शिरताना टेकायला फोमचा तुकडा, तो त्याने जुन्या गादीतून स्वतः कापला होता आणि बायकोने त्याला खोळ शिवली होती. मग बुटात घालायचे जाड तळवे. मग गरम पाण्याची पिशवी, आणि तिच्यावरून रोजची भांडणं. कारण बायकोचाही गुडघा गेला होता, डावा. ती लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी असायची. उजव्या पायाने पेडल दाबायचं आणि सगळा भार डाव्यावर, वर्षानुवर्षं. त्याचा उजवा गेला तो टेबलाखाली टेकून टेकून. "आपलं बरं आहे," ती म्हणायची. "तुमचा उजवा, माझा डावा. शेजारी शेजारी उभं राहिलो की मधले दोन तरी चांगले." मग पिशवी कुणी आधी घ्यायची यावर दोघंही हट्टाला पेटायची. दोघांनाही ती दुसऱ्याने घ्यावी असं वाटायचं, आणि वाद घालता घालता पाणी निवून जायचं.

लोखंडी पट्टीचा ब्रेस घ्यायला ती दोघं, तो आता निघाला होता त्याच दुकानात, आली होती. आज तो पायरी चढून आत शिरला तेव्हा आत तोच रबराचा आणि नव्या कापडाचा वास होता. भिंतीवर कंबरेचे, मानेचे, मनगटाचे पट्टे टांगलेले, प्लास्टिकच्या पायांवर चढवलेल्या नी-कॅप, कोपऱ्यात कुबड्या आणि चाकांचे वॉकर. त्या दिवशी बायको या प्लास्टिकच्या पायांकडे बघून म्हणाली होती, "बघा, कसे सरळ आहेत. यांना कशाला हवेत पट्टे?" माप घेणारी बाई हसली होती. गुडघ्याच्या जरा वर टेप गुंडाळून तिने आधी त्याचं माप घेतलं, मग तिचं, आणि म्हणाली, "दोघांचं माप एकच आहे की!" बायको एकदम लाल झाली. "माझी मांडी यांच्याएवढी? जरा हळू बोला हो, बाहेर ऐकू जाईल." पण माप एकच होतं. दिवसभर उभं राहून राहून तिचे पाय भरलेले, घट्ट होते. त्याला ते आवडायचे. हे तो कधी बोलला नव्हता, आणि ते न बोलल्याची खंत आता त्याला अशा भलत्याच जागी, कुबड्यांच्या कोपऱ्याशी उभं असताना, गाठायची. मग कळलं होतं की ब्रेस सुटा मिळत नाही. डब्यात जोडी, एक डाव्याचा, एक उजव्याचा. घेणाऱ्याचे दोन्ही गुडघे जातातच, आज ना उद्या, अशा हिशेबाने कंपनीने बांधलेला डबा. तो कपाळाला आठ्या घालून उभा होता तेव्हा बायकोनेच डबा उघडला, उजव्याचा त्याच्या हातात दिला, डाव्याचा स्वतःच्या पिशवीत टाकला, आणि म्हणाली, "झालं की. डबा एका माणसाचा आहे. आपण दोघं मिळून एक."

माप घेणारी बाई अजून तीच होती. केस आणखी पांढरे झाले होते, टेप गळ्यात तसाच. तिने त्याला ओळखलं. "तुम्ही दोघं आला होतात ना? एका डब्यात दोघांचं भागवणारे." ती खाली बसली, जुना ब्रेस काढला, फाटलेल्या जागेतून आलेली लोखंडी पट्टी बघून तिने भुवया उंचावल्या. "याने पाय कापला असता. बरेच दिवस वापरलात हो. बाईंचा कसा आहे?"

त्याने भिंतीवरच्या मानेच्या पट्ट्यांकडे बघितलं. "त्यांचा चांगला आहे अजून," तो म्हणाला. "जरासा सैल झालाय. बाकी चांगला आहे."

"मग बरोबर वेळेला आलात. जोडीच येते अजूनही. उजवा तुम्हाला, डावा त्यांना." तिने नवा ब्रेस त्याला चढवला, खालचा पट्टा आधी, वरचा मग. "आठवतंय ना? फार घट्ट नाही, फार सैल नाही. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. एक गेलं तर रक्त अडतं. तीन गेली तर आधार नाही." तिने स्वतःची दोन बोटं घालून बघितली आणि मान हलवली. मग डाव्याचा ब्रेस डब्यात नीट घडी करून ठेवला, झाकण लावलं, आणि डबा त्याच्या हातात देताना म्हणाली, "त्यांना सांगा, मी विचारलं म्हणून." तो बरं म्हणाला. खोटं बोललो असं त्याला वाटलं नाही. त्या दुकानात ती अजून होती, एवढंच. कुठेतरी अजून आहे, तर तिथून तिला आपण कशाला काढायचं?

घरी यायला जिने होते. नवा ब्रेस ताठ होता, लोखंडी पट्ट्या गुडघ्याला दोन्ही बाजूंनी धरून होत्या आणि पायरीगणिक बिजागरीचा बारीक आवाज येत होता. दुखणं कमी झालं असं म्हणता येत नव्हतं, पण त्याला वेसण बसली होती. कुलूप काढून आत आल्यावर तो सवयीने पलंगाच्या कडेला बसला. समोर बुटका स्टूल होता. या पलंगावर आणि या स्टुलावर त्यांची सकाळ सुरू व्हायची. स्वतःचा ब्रेस स्वतः बांधायचा म्हणजे वाकायचं, वाकलं की पोट आड येतं, पट्टा तिरका बसतो. म्हणून त्यांनी एकमेकांचे बांधायची पद्धत पाडली होती. आधी तो स्टुलावर बसायचा आणि तिचा डावा पाय मांडीवर घ्यायचा. खालचा पट्टा, मग वरचा, मग दोन बोटं. मग जागा बदलायच्या, आणि त्याचा उजवा पाय तिच्या मांडीवर. ती पट्टा ओढताना ओठ दाबायची, जणू पोतं बांधतेय. "अगं, हळू! पाय आहे, गाठोडं नाही." "गाठोडं निदान गप्प तरी बसतं," ती म्हणायची. त्याची बोटं कायम तेलकट, धुतली तरी नखांच्या कडेला काळी. ती म्हणायची, माझ्या गुडघ्याला तुम्ही मशीन समजता. आणि खरंच, पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून तो जरासा दाब देऊन बघायचा, कामावर बेल्ट अंगठ्याने दाबून बघतो तसा, आणि मान हलवायचा. त्या मान हलवण्यावर ती उठायची. तिच्या लाँड्रीतल्या बाया म्हणायच्या, हिचा नवरा हिला रोज पास करून पाठवतो.

त्यातली एक सकाळ त्याला आठवत होती, म्हणजे आठवायची तेव्हा ती काही विशेष म्हणून आठवायची नाही, सगळ्या सकाळींतली एक म्हणून. दोन बोटांशेजारी तिसरं बोट आरामात गेलं होतं. "सैल झाला की हा," तो म्हणाला आणि पट्टा ओढून जरा पुढे चिकटवला. "नवा आहे ना," ती म्हणाली. "ताणत असेल." "ताणतोच. इलास्टिक आहे ते." मग काही आठवड्यांनी पुन्हा तिसरं बोट. पुन्हा थोडं पुढे. हे होत राहिलं. त्याने दुकानदाराला नावं ठेवली, कंपनीला ठेवली, माझा बघ कसा एका जागी घट्ट आहे, तुझाच फसवा निघाला, असंही म्हणाला. एकदा तो असाच पट्टा ओढत असताना तिने त्याच्या हातावर हात ठेवला होता. तिची बोटं गार होती. "आणखी ओढा," ती म्हणाली होती. "आणखी चालेल." तिच्याकडे न बघताच त्याने ओढला, दोन बोटं घातली, मान हलवली, आणि ती उठली. तेव्हा ती घरात ढगळ कपडे घालायची, थंडी वाजते म्हणून वरून आणखी काहीतरी. जेवायला दोघं समोरासमोर बसायची, पण तो पडला घास घेता घेता कामाचं बोलणारा. तिच्या ताटातलं पोटात काय गेलं आणि काय तसंच उठलं ते त्याने बघितलं नाही.

आणि मग दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "वजन कधीपासून कमी होतंय?" आणि बायकोने तोंड उघडायच्या आत तोच ठासून म्हणाला होता, "वजन? नाही हो. आहे तशीच आहे." बायकोने छताकडे बघितलं. "थोडं झालं असेल," ती इतक्या हळू म्हणाली, की जणू त्याला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं होतं. दुसऱ्या गावाहून मुलगी आली ती खोलीच्या दारातच खिळली, तिचा हात तोंडावर गेला. "आई, केवढीशी झालीस गं!" त्याला तेव्हा मुलीचा राग आला होता. रोज बघणाऱ्याला दिसत नाही ते हिला एका नजरेत कसं दिसलं? संध्याकाळी व्हरांड्यात, औषधांच्या वासात, मुलीने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही रोज बघत होता. काहीच दिसलं नाही तुम्हाला?" आवाज चढवून नव्हे. चढवला असता तर बरं झालं असतं. "काही खूणच नव्हती गं," तो म्हणाला. हे वाक्य तिथे, त्या व्हरांड्यात जन्माला आलं. मुलीने पुन्हा कधी विचारलं नाही. आई गेल्यावरही नाही. रोज संध्याकाळी ती फोन करायची, गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे, काठी वापरता का. पण दोघांच्या बोलण्यात तो प्रश्न बसलेला असायचा, आणि दोघंही त्याला वळसा घालून जायची.

डबा मांडीवर होता. डाव्याच्या नव्या ब्रेसचं काय करायचं हा विचार त्याने जिन्यातच केला होता: खालच्या मजल्यावरची मावशी गुडघा धरून चालते, तिला द्यायचा. आणि बायकोचा जुना कपाटात टांगलाय तो टाकून द्यायचा. फसवा माल, सैल पडलेला, ठेवून करायचंय काय? असा त्याने हिशेब केला खरा, पण कपाट उघडून खिळ्यावरचा ब्रेस काढताना हात उगाच सावकाश झाला. त्याला तिच्या साबणाचा वास येत होता, किंवा यावा असं त्याला वाटत होतं. पलंगावर परत बसून त्याने दोन्ही ब्रेस शेजारी ठेवले, नवा आणि तिचा. टाकण्याआधी किती ताणलाय ते तरी बघू, असं मनात आलं, आणि त्यात थोडी जुनी खुमखुमीही होती: त्या दुकानात जाऊन दाखवायची, बघा तुमचा माल. त्याने दोन्ही ब्रेसचे वरचे पट्टे ओढून मोकळे केले, टोकाला टोक लावलं, आणि कामावर दोन बेल्ट ताडून बघतो तसे दोन्ही हातांनी एकत्र ताणून धरले.

टोकं जुळली. त्याने पुन्हा लावली. नखाएवढाही फरक नव्हता. त्याने तिचा पट्टा जोराने ओढला, सोडला. तो जागेवर परत आला. नवा ओढला, सोडला. सारखेच. तो चष्मा शोधायला उठला, सापडल्यावर खिडकीपाशी जाऊन त्याने तिचा पट्टा उजेडात धरला. वेल्क्रोच्या मऊ बाजूला जिथे जिथे खरखरीत टोक चिकटायचं तिथे लव उठली होती. पहिल्या जागी सगळ्यात जास्त, चांगली पांढुरकी. तिथे ते खूप दिवस बसलं असणार. मग जरा पुढे दुसरी जागा. मग तिसरी, अर्धी दुसरीत मिसळलेली. मग पुढे, मग आणखी पुढे, प्रत्येक आधीपेक्षा थोडक्या दिवसांची, फिकी, आणि शेवटची अगदी शिवणीजवळ, जेमतेम उठलेली. यातली एकही तिने चिकटवली नव्हती. सगळ्या त्याने चिकटवल्या होत्या. नवा बेल्ट सुरुवातीला ताणतो, मग बसतो. बसल्यावरही सैल पडत राहिला तर बेल्टकडे बघायचं नाही. आज दुपारी सांगितलं होतं, तोंड आपलं आपण बोलत असताना. तो ज्याच्यावर चढवलाय तिकडे बघायचं. त्याने खिडकीची चौकट धरली. घरात कुणी नव्हतं, तरी बाहेर रस्त्यावरून कुणी बघू नये म्हणून तो भिंतीकडे वळला. त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याच्या ओळखीचा नव्हता.

बऱ्याच वेळाने तो स्टुलावर येऊन बसला आणि तिचा ब्रेस त्याने स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर चढवला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. दोघांचं माप एकच होतं. वरचा पट्टा फिरवून आणला तो नेमका पहिल्या पांढुरक्या जागेवर येऊन बसला, आणि खाली दोन बोटं गेली. मग त्याने पट्टा सोडवला आणि शेवटच्या जागेपर्यंत ओढायचा प्रयत्न केला. मांडीच्या मांसात तो रुतला, कातडी पांढरी पडली, पाय बधिर व्हायला लागला, तरी टोक त्या जागेपासून कितीतरी लांब होतं. दात दाबून तो ओढत राहिला. हे एवढं सगळं तिच्या पायावरून गेलं होतं, त्याच्या हातांखालून, रोज सकाळी, आणि त्याने मान हलवून तिला पास केलं होतं. तिला माहीत होतं का? आणखी ओढा, आणखी चालेल, हे ती जाणून म्हणाली होती का, की तीही बिचारी इलास्टिकलाच दोष देत होती? हे आता विचारायला कुणी नव्हतं. वेळेवर कळलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायलाही कुणी नव्हतं. त्याने पट्टा सैल सोडला आणि पुन्हा पहिल्या जागेवर आणून लावला.

फोन वाजला. मुलीचा, रोजच्या वेळेला.

"मिळाला का ब्रेस? सुपरवायझरबाईंचा फोन आला होता मला. पडलात म्हणे."

"पडलो नाही. लचकलो. मिळाला ब्रेस."

"नीट बसतोय ना? घट्ट नाही ना ओढलात? तुम्हाला सगळं घट्टच लागतं."

"दोन बोटं जातात," तो म्हणाला. इथून रोजचा रस्ता गोळ्यांकडे जायचा. "तू मला विचारलं होतंस. दवाखान्यात, व्हरांड्यात. काही दिसलं नाही का म्हणून."

"बाबा, जाऊ दे ना ते. मी तेव्हा कसल्या अवस्थेत..."

"दिसलं नाही हे खरं आहे. पण हाताला कळत होतं. रोज. तिचा पट्टा रोज सैल पडत होता आणि मी ओढत होतो. मी पट्ट्याला नावं ठेवत होतो गं. पट्टा चांगला होता. आत्ता मोजून बघितला. पट्टा जसाच्या तसा आहे."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला. मग मुलगी रडतेय हे त्याला ऐकू आलं. आई गेल्यापासून ती त्याच्यासमोर रडली नव्हती. त्याने तिला गप्प हो म्हटलं नाही. आपला आधार आपणच काढून टाकला होता, आता आपटायची तयारी होती. शिव्या दे, असं त्याला म्हणायचं होतं.

"किती?" तिने शेवटी विचारलं. "किती सैल?"

त्याने पट्ट्यावर हात ठेवला, पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत. "माझा हात मावतो," तो म्हणाला. "सगळा पंजा."

ती पुन्हा रडली. मग नाक ओढून म्हणाली, "मी येते शनिवारी. टाकू नका तो. मला बघायचाय."

"नाही टाकत."

"आणि बाबा, झोपताना काढून ठेवा हं तुमचा. बांधून झोपू नका."

"बरं," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने वाकून उजव्या गुडघ्याचे पट्टे सोडले. पोट आड आलं, वेळ लागला. खर्र असा आवाज झाला. सवयीने तो दुसऱ्या आवाजासाठी थांबला. मग त्याचा हात डाव्याकडे गेला. त्याचा डावा गुडघा कधीच दुखला नव्हता. पट्ट्याखाली दोन बोटं घालून तो तसाच बसून राहिला, आणि दिवा लावायची वेळ झाली तरी त्याने तो सोडला नाही.